जामिनाची सही

थोरल्याच्या आईस अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो, काळजी नसावी. नातीला डॉक्टरकीच्या फीसाठी कर्ज मंजूर झाले आहे. फक्त जामीन म्हणून माझी सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळायला हवी. आज ऐन वेळी हात थरथरला. कारकून म्हणाला, "आजोबा, सही केलीत की मुंगी शाईत बुडवून सोडलीत?" पोर हसली, पण बाहेर येऊन नखं खात बसली.

उद्या परत बोलावले आहे. उद्याही जुळली नाही, तर तिची जागा दुसऱ्याला जाईल.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

खाली सही करत नाही, रागावू नकोस. हातात एखादीच धड सही उरली असेल, ती उद्यासाठी राखून ठेवतो.