सॉनाबाहेर बसणारा माणूस

अहो,

तुमच्याशी बोलायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. द्वारका चौकापर्यंत जाऊन येतो म्हणालात, आणि रस्त्यातच छातीत कळ येऊन गेलात. असं कोणी जातं का? पण काल तुमच्या त्या सॉनामध्ये, घाम काढायच्या खोलीत, मला चक्कर आली, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. पोराला कळलं तर पुण्याहून येऊन ती लाकडी खोली तो मोडूनच टाकेल.

आठवतं, अंबडच्या कंपनीतून रिटायर झालात आणि मागच्या खोलीत हे बांधायला घेतलंत? म्हणे, माझ्या गुडघ्यांसाठी! किती बोलले मी तुम्हाला. मे महिन्यात गच्चीवर बसलं तरी नाशकात फुकट घाम निघतो, त्याला हीटर कशाला? तुम्ही ढिम्म. सुतारानं दाराला आतून कडी लावली, तर भांडून काढायला लावलीत. दार नुसतं ढकललं की उघडलं पाहिजे, हा हट्ट.

आणि गुडघे खरंच मोकळे झाले हो. कठड्याला न धरता जिना चढायला लागले, तर सगळ्या सोसायटीत तुम्हीच मिरवायचात.

शिस्त मात्र शाळेसारखी. आधी तांब्याभर पाणी. जेवल्या जेवल्या जायचं नाही, उपाशीपोटी तर नाहीच नाही. बाहेर स्टुलावर पेपर घेऊन तुम्ही बसणार आणि दर थोड्या वेळानं हाक मारणार. मी वैतागायचे. माणसाला जरा निवांत बसू द्यावं की नाही?

पहिल्याच दिवशी म्हणालात, मंगळसूत्र काढून आत जा, सोनं तापतं. मी कसली काढतेय! वाट्यांचा छातीला चटका बसला तरी काढलं नाही. तेव्हा चिडलात. "अगं, मी इथं धडधाकट बसलोय ना बाहेर? काढ ते!" तेव्हापासून काढून ठेवायला लागले. काल आत जाताना सवयीनं हात गळ्याकडे गेला. काढायला काही नव्हतं.

काल चतुर्थी होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. गुडघे इतके ठणकत होते की म्हटलं, थोडंसंच शेकू. आधी बरं वाटलं, मग डोळ्यांपुढे अंधारी आली. उठता येईना. मी तुम्हाला हाक मारली. खरंच मारली! कशीबशी दारावर रेलले, ते उघडलं, आणि बाहेरच्या गार फरशीवर पडून राहिले. कडी असती तर?

आता मी काय करू, सांगा ना. शेजारच्या वहिनींना कसं म्हणू, की मी आत परकरावर बसते, तुम्ही बाहेर बसून मला हाका मारा? सूनबाई चांगली आहे, पण तिची नोकरी तिकडे. पाणी, वेळ, दार, सगळं शिकवलंत. तुम्ही नसताना कसं बसायचं, तेवढं राहिलं. आणि गोळ्यांनी हे गुडघे ऐकत नाहीत.

खोली मी मोडू देणार नाही. उपासाच्या दिवशी तिकडे फिरकणारही नाही. आणि घरात एकटी असताना हीटर लावणार नाही, हा माझा शब्द.

पण मी आता रोज एकटीच असते हो.

तुमची,
सुमन