ओटीतले पिस्तूल आणि इतर मालमत्ता

॥ श्री ॥

मी, सुहासिनी भ्रतार कै. केशव टिपणीस, वय वर्षे एकसष्ट, धंदा सुईणपण, रीतसर परीक्षा पास, राहणार बदलापूर गाव, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणास शंका असल्यास समोर बसलेल्या डॉक्टर जयदेव फणसे यांना विचारावे. त्यांनी आज सकाळीच माझी नाडी पाहिली आणि वर दोन कप कॉफी प्यायले. मला कोणी धमकावलेले नाही, आणि कोणाच्या भरीस पडण्याचा माझा स्वभाव नाही हे आजूबाजूच्या गावांना चांगले माहीत आहे. फक्त हृदय हल्ली मधूनच ठोका चुकवते. ते कायमचे रुसण्याआधी कोणाला काय द्यायचे हे लिहून ठेवलेले बरे.

कलम पहिले : घर. बदलापुरातील माझे राहते घर, मागील विहीर व दोन फणसांसह, मी सुईणपणाच्या कमाईतून घेतले. ते सासरचे नाही, माहेरचे नाही, माझे आहे. हे घर मी वृंदाला देते.

वृंदा म्हणजे माझ्या यजमानांच्या धाकट्या पुतण्याची, कै. मधूची, विधवा. मधू गेला तेव्हा थोरला पुतण्या श्रीपाद याने तिला माझ्याकडे आणून सोडले. "काकू, तुला स्वयंपाकाला मदत होईल," असे म्हणाला. मी तिला स्वयंपाकघरात राहू दिले नाही. बाळंतपणाला बरोबर नेले, मुंबईस शिकायला पाठवले, आणि आज तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. आता माझी तब्येत उतरल्यावर श्रीपाद सारखा येतो. त्याचे म्हणणे असे, की घर विकावे, वृंदाने अंबरनाथला त्याच्या बिऱ्हाडी येऊन राहावे, "घरच्या बाईने गावोगाव हिंडणे आता पुरे." त्याच्या बिऱ्हाडी स्वयंपाकाला बाई टिकत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून स्पष्ट लिहिते : घर वृंदाचे. ते विकायचे की ठेवायचे हे तिचे ती ठरवील. श्रीपादने या घरी पाहुणा म्हणून यावे, चहा मिळेल.

कलम दुसरे : माझी चामड्याची बॅग, आतील कात्र्या, चिमटे, नळी व वजनकाट्यासह, वृंदाला. काटा अर्धी छटाक जास्त दाखवतो. तो दुरुस्त करू नये. आयांना बरे वाटते.

कलम तिसरे : पिस्तूल. याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गावात याविषयी जितकी तोंडे तितक्या कथा आहेत.

सन अठ्ठेचाळीसमध्ये मी चामटोलीला वेणूबाईच्या बाळंतपणाला निघाले होते. भरदुपारी ओढ्यापाशी दोघांनी माझी दमणी अडवली. माझा गाडीवान हरिचंद्र बैलांपेक्षा आधी थांबला. बांगड्या घेतल्या असत्या तर मी रडले नसते, पण मेल्यांनी बॅग नेली. वेणूबाईची नाळ मला घरातल्या विळीचे पाते उकळून कापावी लागली. मूल सुखरूप झाले, मुलगी, खणखणीत आवाजाची. पण परतताना मी ठरवले की पुन्हा बॅग कोणाच्या हाती जाऊ द्यायची नाही.

परवान्यासाठी ठाण्याला किती खेपा घातल्या ते लिहीत नाही. तिथल्या कारकुनाच्या बायकोला दिवस गेले होते, आणि मला तारीख बरोबर सांगता आली, एवढेच नमूद करते. परवाना आल्यावर माझे थोरले बंधू विष्णुपंत, जे अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अधिकारी होते आणि तेव्हापासून हत्यारांविषयी न विचारता बोलतात, मला मुंबईस फोर्टातल्या एका पारशाच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेले.

दादांनी आधीच ठरवून ठेवले होते : बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर. "हे कधी दगा देत नाही, सुहास." मी ते उचलले. वरवंटा उचलल्यासारखे वाटले. पण वजनावर मी नाही म्हटले नाही. मी विचारले, हे ठेवायचे कुठे? दादा म्हणाले, "कोटाच्या खिशात." मी माझ्या लुगड्याकडे पाहिले, मग दादांकडे पाहिले. दुकानदार खाली बघून हसला.

बॅगेत ठेवता येईना, कारण चोर नेतो ती बॅगच. तेव्हा जागा एकच उरली, ओटी. नऊवारीच्या पुढच्या घोळात इतर बायकांच्या ओटीत नारळ, तांदूळ, खण पडतात. विधवेची ओटी कोणी भरत नाही. माझी बरीच वर्षे रिकामी होती. म्हटले, तिथे काहीतरी उपयोगाचे राहू दे.

मग मी दुकानातच परीक्षा घेतली. रिव्हॉल्व्हर ओटीत खोचले आणि बाळंतिणीपुढे बसते तशी उकिडवी बसले. नळीचे टोक बरगडीत घुसले, आणि मागे जो घोडा असतो तो लुगड्याच्या सुतात असा अडकला की सोडवायला दुकानदाराची बायको आतून बोलवावी लागली. दादा दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. दुसरे आणले, चपटे, बत्तीसचेच, नवे कोरे. ते बसले छान, पण किंमत ऐकून मीच उठले. शेवटी दुकानदाराने खणातून एक लहानसे बेल्जियमचे काढले, पंचवीस बोअरचे, तळहाताएवढे. म्हणाला, "बाई, सायबाची मडम विकून गेली विलायतेला. निकल उडालाय, पण आतून एकदम चोख." घोडा बाहेर नाही, कोपरे घासून गोल झालेले, मूठ नीट आवळल्याशिवाय चाप हलत नाही. मी ओटीत घेऊन उकिडवी बसले, उठले, दमणीत चढतात तशी स्टुलावर चढले, वाकले. ते जागचे हलले नाही. दादा म्हणाले, "हे खेळणे आहे. याने कावळा मरणार नाही." मी म्हटले, "मला कावळा मारायचा नाही, दादा. मला बॅग घरी आणायची आहे." किंमत मागच्या दोहोंच्या मानाने इतकी कमी होती की उरलेल्यात नवी बॅग आली.

पिस्तूल घामाने गंजू नये म्हणून उल्हासनगरच्या कॅम्पात लोकूमल मास्टरकडून त्याला कापडी थैली शिवून घेतली. लोकूमलने माप घेताना विचारले, "माई, चश्मा रखना है क्या इसमें?" मी काढून दाखवले. त्याने पुन्हा एकदा माप घेतले आणि म्हणाला, "तो फिर सिलाई डबल मारता हूँ." शिलाईचे पैसे त्याने घेतले नाहीत. ती थैली अजून उसवलेली नाही.

वृंदा, तुझ्यासाठी एवढेच : नळीत गोळी भरून कधी चालू नकोस. घरी आल्यावर आधी ते कुलुपात, मग हातपाय धुणे. बाळंतिणीच्या खोलीत जाण्याआधी ते घरातल्या थोरल्या बाईसमोर थैलीसकट तिथल्या पेटीत ठेवून कुलूप लावावे. ते कोणाला दाखवून मिरवू नये. माझ्या मृत्यूनंतर विष्णुपंतांनी पिस्तूल पोलिस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी, आणि वृंदाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. तो मिळाल्यावर पिस्तूल तिचे. न मिळाल्यास पुन्हा अर्ज करावा. श्रीपादची सही कुठेही लागत नाही, मी चौकशी केली आहे.

कलम चौथे : माझा पितळी अडकित्ता मी श्रीपादला देते. मी पिस्तूल आणले तेव्हा हाच श्रीपाद चारचौघांत म्हणाला होता, "काकूच्या हाती पिस्तूल काय आणि अडकित्ता काय, सारखेच." पुढे एका संध्याकाळी पालेगावच्या वाटेवर पुन्हा दोघे आडवे आले. मी ओटीत हात घातला आणि घाईत जे हाती आले ते त्यांच्यावर रोखले. सुपारीचे खांड त्यात अडकलेले होते हे मला नंतर दिसले. पण मी इतक्या शांतपणे म्हटले, "बाजूला व्हा, बाळंतीण खोळंबली आहे," की ते शेतातून पळाले ते वळून बघेनात. हरिचंद्राने गावात तीन गोळ्या सुटल्याचे सांगितले. एकही सुटली नाही. श्रीपाद यावर म्हणेल, मग अडकित्ताच पुरे होता. नाही रे बाबा. हात थरथरला नाही, तो अडकित्त्याखाली काय आहे हे मला माहीत होते म्हणून. हे ज्याला कळत नाही त्याला अडकित्ता द्यावा, पिस्तूल नव्हे.

कलम पाचवे : डालड्याचा रिकामा डबा, भोकासह, बंधू विष्णुपंत यांस. पिस्तूल चालवायला शिकताना मी तो पहिल्याच बाराला पाडला, आणि दादा आजतागायत वाऱ्याने पडला म्हणतात. भोकात बोट घालून खात्री करावी. दादांवर माझा फार जीव आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम सहावे : दमणी व बैलजोडी हरिचंद्रास. अट एकच, वृंदाला हाक आली की दिवस-रात्र न बघता जुंपायची, आणि चोर आले तर बैलांनंतर थांबायचे. पोस्टातील शिल्लक वृंदाला.

कलम सातवे : हे मालमत्तेचे नाही, पण मनात फार वर्षे आहे. वेणूबाईच्या त्या मुलीच्या पाठच्या भावाच्या बारशाला मी चामटोलीला गेले होते. वेणूबाई नारळ-तांदूळ घेऊन माझी ओटी भरायला आली. तिथल्या म्हाताऱ्यांनी तिचा हात धरला. कुजबुज सुरू झाली. मी हसत म्हटले, "अगं, जागाच नाही. ओटीत पिस्तूल आहे." सगळ्या खो खो हसल्या, मीही हसले, आणि प्रसंग निभावला. पण मला वाईट वाटले होते. फार वाईट वाटले होते. वृंदावर तशी हसून वेळ मारून नेण्याची पाळी येऊ नये असे मला वाटते. म्हणून माझ्या मृत्यूनंतर, माझे दिवस झाल्यावर, ज्या कोणा बाईची तयारी असेल तिने याच घराच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत, श्रीपादलाही बोलावून, वृंदाची ओटी भरावी. ती या घराची मालकीण आहे हे गावाला दुसऱ्या कोणत्याही कागदाने इतके चांगले कळणार नाही.

येथे मृत्युपत्र संपत होते. परंतु साक्षीदार वेणूबाई हिला अंगठा करण्यापूर्वी डॉक्टरांनी सर्व मजकूर वाचून दाखवला. सातवे कलम ऐकल्यावर तिने अंगठा करण्यास साफ नकार दिला.

"बाय, तू मेल्यावर कशाला? मी नारल घेऊनच आलंय. कुनाच्या घरी हात हलवत जायचं नाय, म्हनून आनलाय. उठ गो वृंदा."

श्रीपाद योगायोगाने घराविषयी बोलायला आलेलाच होता आणि ओसरीवर बसला होता. त्याने तोंड उघडले. डॉक्टरांनी त्याला चहाचा कप दिला. वेणूबाईने वृंदाला पाटावर बसवून तिची ओटी भरली. वृंदाने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ती रडत होती. मग वेणूबाई माझ्याकडे वळली.

"आता तुजी. अन् ह्या वेली ते पिस्तूल बाजूला काढ. तवापासून वाट बगतंय मी."

नोंदीसाठी आज कुलुपातून काढून ओटीत घेतलेली थैली मी डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली. नारळ पिस्तुलापेक्षा जड आहे, आणि नीट बसला आहे. सबब सातवे कलम आज माझ्या हयातीतच पार पडले असल्याने रद्द समजावे. बाकी कलमांना घाई नाही.

ठिकाण : बदलापूर
तारीख : १२ नोव्हेंबर १९५६

सही : सुहासिनी केशव टिपणीस
(उजव्या हाताने नारळ सावरून डाव्या हाताने केली आहे, वाकडी असली तरी माझीच आहे.)

साक्षीदार :
१. डॉ. जयदेव फणसे, बदलापूर. लिहून देणार माझ्यासमक्ष शुद्धीत होत्या. आज इतक्या आनंदात त्यांना मी प्रथमच पाहिले.
२. वेणूबाई, राहणार चामटोली. निशाणी डाव्या हाताचा अंगठा, त्याला तांदळाचा एक दाणा चिकटलेला आहे.