पवळ्याच्या अंगावर पाणी घालू नये

मी, शालिकराम गणपत भोयर, वय एकाहत्तर, पूर्वी पारशिवनीचा शेतकरी, हल्ली राहणार सक्करदरा, नागपूर, बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवतो. कफ छातीत आहे, डोक्यात नाही. ज्याला शंका असेल त्याने आत्ताच माझ्याशी भांडून पाहावे.

कलम पहिले. पारशिवनीची शेती माझा मोठा मुलगा ताराचंद, नोकरी कोराडी वीज केंद्र, याला मिळावी. बटाईने करणाऱ्या रुपरावला त्याने हुसकावू नये. रुपराव जमिनीला जीव लावतो, ताराचंद फक्त सातबाऱ्याला.

कलम दुसरे. सक्करदऱ्याचे दोन खोल्यांचे घर मी स्वकमाईने घेतले आहे. ते माझा धाकटा मुलगा कै. धोंडबा याची पत्नी गोपिका हिला पूर्ण मालकीने देतो. ताराचंदने माझ्या मागे लकडा लावला आहे, "बाबा, घर माह्या नावानं करा. गोपिका आज ना उद्या माहेरी जाईन." ती माहेरी जावो, दुसरे लग्न करो, घर तिचेच. शिलाई मशीन मी देत नाही, कारण ती माझी नव्हेच. गांधीबागच्या दुकानाचे परकर शिवून गोपिकेने ती घेतली आहे.

मुलगा असताना सुनेला घर काहून, असे लोक विचारतील. म्हणून कारण लिहितो.

धोंडबा गेला आणि मी बैलजोडी विकली. गोपिका आणि मी शहरात आलो, सोबत आला तो फक्त कुत्रा. विकलेल्या बैलाचे नाव त्याला ठेवले, पवळ्या. दोन वर्षांमागे ताराचंद पोळ्याला आला. बैलांशिवाय त्याला करमेना. "बैल नाही त बैलाच्या नावाचा त आहे ना!" म्हणून त्याने पवळ्याला नळाखाली खसखसून धुतले, शिंगे नाहीत म्हणून कानांना गेरू लावला आणि हार घालून भर पावसात मोहल्ल्यात मिरवले. सगळे पोट धरून हसत होते. गोपिका तेवढी कोरडा टॉवेल घेऊन मागे धावत होती.

ताराचंद बसने कोराडीला गेला आणि इकडे पवळ्याचे नाक वाहू लागले. खोकून खोकून तो अर्धा झाला, पुरणपोळीही हुंगेना. शेजारच्या इंदूबाई म्हणाल्या, "काहून वं गोपिका, कुत्र्याले कायची सर्दी? जनावर आहे ते."

गोपिका म्हणाली, "जनावर आहे म्हणूनच सांगू नाही शकत ना, मावशी."

रिक्षावाला कुत्रा घेईना, तर ती त्याला गोधडीत गुंडाळून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात उचलून घेऊन गेली. डॉक्टरांनी औषध दिले आणि बजावले, नाकाला बाम फासू नका, चाटला तर पोटात जाईल. बरा झाला की लस टोचून घ्या, पुढे दरवर्षी. तिने अक्षर न् अक्षर पाळले. ओल्या फरशीवर तो झोपू नये म्हणून फळ्यांवर पोते अंथरले. पाणी कोमट, भाकर दुधात कुस्करून, भांडे मोहल्ल्यातल्या कुत्र्यांपासून वेगळे. थंडीसाठी परकराच्या चिंध्या भरून झूल शिवली. पुढच्या वर्षी मोहल्ल्यात रोग आला, कितीतरी कुत्री गेली. पवळ्या मात्र दारात बसून भुंकत होता. इंदूबाई आता स्वतःच्या कुत्रीला लस टोचून आणायला गोपिकेच्या मागे जातात.

पवळ्या खोकत होता तेव्हा ताराचंद म्हणाला होता, "सोडून द्या त्याले कुठंतरी." हे मी विसरलेलो नाही आणि मरतानाही विसरणार नाही.

औंदा हिवाळ्यात माझी छाती भरली. गोपिकेने माझी खाट ओल आलेल्या भिंतीपासून हलवली, पाणी कोमट केले, भाकर दुधात कुस्करली. मी म्हटले, "पवळ्याचंच औषध करून राहिली का वं मले?" ती हसून म्हणाली, "मामाजी, तो तुमच्यापेक्षा लवकर ऐकते." स्वतःच्या कपाळी एवढे दुःख असून दुसऱ्याच्या श्वासाकडे असे लक्ष देणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. हे तिला तोंडाने सांगायची मला लाज वाटते, म्हणून सरकारी कागदावर लिहितो.

कलम तिसरे. मला पोचवून आल्यावर सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे अंघोळ करावी. पवळ्या मागे घाटापर्यंत येईलच. पण सुतकाच्या नावाखाली कोणीही त्याच्या अंगावर पाणी घालू नये. त्याला सुतक लागत नाही, सर्दी लागते.

कलम चौथे व शेवटचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो आणि त्यांच्या कानात सांगतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मागच्या पोळ्याला गोपिकेने पवळ्याला धुतले नाही. कोरड्या, गरम फडक्याने त्याची छाती शेकली आणि त्याच्या कानाशी वाकून तेच आवतन दिले. मी दारातून पाहत होतो. बैल विकल्यापासून मला रडू आले नव्हते, ते तेव्हा आले.

ताराचंदने यापुढेही पोळ्याला जरूर यावे, तो माझा मुलगा आहे. मात्र घर गोपिकेचे असल्याने त्याने तिच्या आवतनाची वाट पाहावी. ती देईल. आधी कुत्र्याला देईल, मग त्याला.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.

सही : शालिकराम गणपत भोयर

साक्षीदार :
१. महादेवराव, निवृत्त पोस्टमन, सक्करदरा (सही)
२. इंदूबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : नागपूर
तारीख : ९ जानेवारी १९७९