चाबकाला जागा लागते

उस्ताद, काल एका टांग्याच्या घोड्याने मला लाथ घातली. मांडी जांभळी पडलीय, हाड शाबूत आहे. बायको हळद लावता लावता म्हणाली, "जन्म गेला घोड्यांच्या पायाशी, अजून लाथ चुकवता येत नाही." चुकवायला गेलो असतो तर मोडली असती, हे तिला सांगत बसलो नाही. ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. पण तुम्हाला जिवंतपणीही वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुमच्या मरण्याने या पत्राचं फारसं नुकसान झालेलं नाही.

करमाडहून तुमच्याकडे नालबंदी शिकायला आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं होतं, आणि घरच्या गोठ्यातल्या बैलालासुद्धा भीत होतो. वडिलांनी पैठण दरवाजाजवळच्या तुमच्या दुकानात मला उभं केलं आणि आधी हेच सांगून टाकलं. दुसरं सांगण्यासारखं त्यांच्या हाताशी काही नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. निंबाला एक खवळलेलं तट्टू बांधलं होतं आणि मी त्याच्यापासून चार हात लांब. तुम्ही माझी मानगूट धरली आणि मला नेऊन त्याच्या मागच्या पायाला चिकटवलं. त्याने झटका दिला. मी भिंतीवर आपटलो, ओठ फुटला. तुम्ही उचलून पुन्हा चिकटवलं. पुन्हा भिंत. शाळेत मास्तरांनी छड्या मारून उर्दू शिकवली होती, पण तिथे निदान मारणारा एकच होता.

"दूर नक्को उभा राहू," तुम्ही म्हणालात. "दूर राह्यला की लाथेला जागा भेटती. जागा भेटली की हड्डी गेली. चिकटून राह्यला तर नुसता धक्का. धक्क्यानं कोण मरतं?"

"आन् भीती वाटली तर?"

"वाटू दे की. मेरेकू बी वाटती. तिला कोण इचारतंय? पाय कुठं ठिवला ते बोल."

त्या काळी आपल्यावर तीन धनी होते: देव, सरकार आणि पोलिसांचा अमीन. पहिले दोघे कधी दिसत नसत, म्हणून त्यांच्याविषयी आदर टिकून होता. अमीन रोज दिसायचा. कमरेला वेणीचा चाबूक, टोकाला शिशाची गोळी. तो घोडीवरून निघाला की माणसं भिंतींना अशी लागत, जणू भिंती पडायला आल्यात आणि हेच त्यांना धरून आहेत. एका भाजीवाल्याला सलाम करायला उठायला उशीर झाला, तर त्याचा गाल डोळ्यापासून हनुवटीपर्यंत उघडला. वांग्यांवर रक्त पटकन दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बाजार मात्र थांबला नाही. तीच वांगी पुसून विकली गेली.

त्या अमिनाची घोडी आली तेव्हा तुमच्या मांडीवर दुसऱ्या घोड्याचा खूर होता, म्हणून ती मी घेतली. तिला घेऊन आलेला जमादार माझ्या पाठीत काठीचं टोक रुतवून "जल्दी, जल्दी" करत होता. खिळा कडक खुरातून जातो तेव्हा हातोडीखाली टणटणीत वाजतो. जिव्हारी गेला की आवाज बसतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. मागच्या उजव्या पायाच्या चौथ्या खिळ्याचा आवाज बसला. तो तिथल्या तिथे उपटायचा असतो. उपटला असता तर जमादाराला कळलं असतं. मी टोक वळवलं, कानस फिरवली आणि घोडी सोडली.

दोन दिवसांनी पडेगावपाशी घोडी लंगडली आणि अमीन चार माणसांदेखत धुळीत पडला. पडण्याचं त्याला काही नव्हतं. चार माणसांचं होतं.

पुढचं मला अजून समोर दिसतं. तो रस्त्याच्या मधोमध उभा आहे, कपाळाला पट्टी. "नाल कुणी मारली?" तुम्ही हातातली सांडशी खाली ठेवता. "म्या मारली, हुजूर." पहिला फटका खांद्यावर बसतो, सदऱ्यासकट कातडी निघते. दुसरा मानेभोवती गुंडाळतो. तिसऱ्याला त्याचा हात मागे जातो आणि तुम्ही चालायला लागता. त्याच्याकडे. तो एक पाऊल मागे सरतो, तुम्ही एक पाऊल पुढे. छातीला छाती लागते. चाबूक तुमच्या पाठीमागे नुसताच लोंबतो, दोरीसारखा. त्याला काय करावं हे क्षणभर कळत नाही. चाबकाला जागा लागते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसावं. मग तो चाबूक उलटा धरतो आणि मूठ तुमच्या तोंडावर हाणतो. दोन दात जातात. तुम्ही पडता. तो तुमच्या उजव्या हातावर बूट ठेवून टाच फिरवतो. बोटं मोडताना होणारा आवाज मी ऐकला आहे. भाता थांबलेला होता. भात्यापाशी मी होतो, पाच पावलांवर. भात्याची दोरी तशीच धरून राहिलो.

तुम्हाला उचललं तेव्हा तुम्ही रक्त थुंकून म्हणालात, "तिसरा लागू नाय दिला ना?"

महिन्याभराने घोडी बरी झाली. तुमच्या हाताची मूठ पुन्हा कधीच वळली नाही. नालेसाठी अमीन स्वतः आला. माणूस मोडला तरी कारागीर तोच हवा, अशी साहेबलोकांची निष्ठा असते. तुम्ही मला म्हणालात, "तू बस." मी खूर मांडीवर घेतला. तो मागे उभा राहून बोलत होता. "पिछली बार या म्हाताऱ्यानं घोडी बिघडवली. आज बिघडली तर त्याचा दुसरा हात."

मी शेवटचा खिळा मारला. टणटणीत गेला. खूर खाली ठेवला, उठलो. गप्प राहण्यात काहीच धोका नव्हता, घोडी उत्तम उभी होती. पण तुमचा डावा हात मला दिसत होता. लगाम धरलेला.

"हुजूर, मागचा खिळा माझा होता," मी म्हणालो. "उस्तादांनी हात लावला नव्हता."

पहिला फटका कानावर आला. पाळी फाटली, ती आजही दोन तुकड्यांत आहे. दुसरा पाठीवर. तिसऱ्याच्या आत मी त्याच्या छातीवर होतो. त्याच्या कोटाची बटणं माझ्या गालाला लागत होती, तोंडाला पानाचा वास होता, आणि माझं रक्त त्याच्या कॉलरवर चाललं होतं. त्याने मला ढकललं, पोटात लाथ घातली. मी ओकलो. पण एवढ्यात अड्ड्यावरचे टांगेवाले उठून आले होते. तुमच्यामुळेच त्यांच्या घोड्यांना पाय होते. ते फक्त जवळ येत गेले, इतके की अमिनाला कोपरसुद्धा उचलता येईना. तो घोडीवर बसला आणि निघून गेला. पुढे त्याने दोन टांगेवाल्यांना आठ दिवस कोठडीत घालून सोलून काढलं, हेही लिहायला हवं. शौर्याच्या गोष्टी सांगणारे एवढं विसरतात.

त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या कानाला राख दाबत बसला होतात. अचानक म्हणालात, "तो आवाज म्या ऐकला होता."

"कोणता?"

"चौथ्या खिळ्याचा. पण जमादार खडा होता. म्या बी भ्यालो, बोललो नाय. म्हणून मार म्या खाल्ला. तुझ्यासाठी नाय खाल्ला, लेका, फुगू नक्को." मग राख आणखी दाबून, "आज मात्र पाय बराबर ठिवला. शाबास."

तुम्ही कधी कुणाला शाबास म्हणत नव्हता. घोड्यालाही नाही.

हे पत्र भट्टीत जाणार आहे. आजही अमीन आहेत आणि कागद चुकीच्या हातात पडायला वेळ लागत नाही; आणि तुमच्या कबरीवर वाचून दाखवावं तर तिथला फकीर गावभर करील. तेव्हा खरं ते लिहायला हरकत नाही. मी पाय बरोबर ठेवला नव्हता, उस्ताद. दुसऱ्या फटक्याला माझे गुडघे गेले. मी पुढे सरकलो नाही, पडलो. समोर अमीन होता म्हणून त्याच्यावर पडलो, मागे झुकलो असतो तर घोडीवर पडलो असतो. त्याचा कोट धरला, तो मी खाली लोळू नये म्हणून. टांगेवाल्यांना वाटलं, गडी भिडला. तुम्हालाही तेच वाटलं, की वाटू दिलंत, कोण जाणे. त्या दिवसापासून लोक मला न भिणारा समजायला लागले, आणि त्यांची समजूत खोटी पडू नये म्हणून मला खरोखर जवळ उभं राहायला शिकावं लागलं.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं जगलात. रोज दुपारी आपण एका फडक्यावरची भाकरी खात होतो. मी पडलो हे तुम्ही ओळखलं होतं का, हे विचारता आलं असतं. मला ती शाबासकी परत द्यायची नव्हती.