शून्यावर राहिलेले पांडूमामा

भिसेगाव,
रविवार

ती. पांडूमामांस राकेशचा मनापासून जयभीम. मामीचा गुडघा वाकायला लागला का? इकडे सगळे बरे आहेत, आई सोडून. ती तुमच्यावर रुसली आहे, तुम्ही तिच्यावर, आणि (हात जोडून सांगतो) दोन्ही रुसव्यांचं मूळ मी आहे.

तुमच्या लाडक्या भाचीच्या, उज्वलाच्या साखरपुड्याची ऐंशी पाकिटं होती. नावं हाताने लिहायची, तर खोपोलीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाची अब्रू ती काय राहिली? मी शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने कामं सांगणारी यादी. तिच्यात नावांचा अ‍ॅरे केला. अ‍ॅरे म्हणजे रांग, एकामागे एक ऐंशी माणसं. आईने बजावलं होतं, पहिलं नाव माझ्या भावाचं. घातलं. बटण दाबलं तर पाकिटांवर चिकटवायच्या एकशे साठ चिठ्ठ्या. अ‍ॅरेला अवतरणचिन्हं द्यायला मी विसरलो होतो, म्हणून नावात मोकळी जागा दिसेल तिथे कॉम्प्युटरने माणूस तोडला. एका चिठ्ठीवर नुसतं 'विठाबाई', दुसरीवर नुसतं 'आत्या'. आत्या शेजारीच बसली होती. "म्हंजे मी दोनदा येऊ का रं?" एवढंच तिने विचारलं.

मग मी (अवतरणचिन्हं देण्याइतकं सोपं काम आपल्यात कोणी केलंय?) रांगेतली माणसं नंबराने बोलवायचं ठरवलं, एकपासून शेवटपर्यंत. नावं सबंध आली. पण शेलची रांग शून्यापासून सुरू होते, आणि शून्यावर तुम्ही उभे होता. एकोणऐंशी चिठ्ठ्या निघाल्या. उरलेल्या पाकिटात बाबांनी रिमोटचे जुने सेल ठेवले.

कमलेशदादाने मोटरसायकलवरून कोंडाण्यात तुमच्या दोन्ही शेजाऱ्यांना पाकिटं दिली. आईला वाटलं, तुमचंही पोचलं. साखरपुड्याला उज्वला खुर्चीत बसेना. "मामा आल्याबिगर नाय," म्हणाली. तुमचा फोन बंद. पाहुणे तिसऱ्यांदा सरबत प्यायले, तेव्हा आईने तिला हाताला धरून बसवलं आणि स्वतः आत जाऊन डोळे पुसत राहिली. मामा, त्या वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. राग माझ्यावर काढा, पण या.

तुमचा भाचा,
राकेश

ता. क. लग्नाच्या पाकिटांवर नावं उज्वला हाताने लिहिणार आहे. मला डिंक लावायचं काम दिलंय.

ता. क. २. यातलं आईला काहीच ठाऊक नाही. तुमचं पाकीट कमलेशदादाने वाटेत पाडलं, असं मी तिला सांगितलंय. तिला ते पटलेलं नाही, आणि तो आता माझ्याशी बोलत नाही. तेव्हा तुम्ही तिला फोन करून एवढंच म्हणा, की पाकीट मिळालं होतं, पण म्हैस व्यायला झाली होती म्हणून निघता आलं नाही.

ता. क. ३. म्हैस तुम्ही दिवाळीतच विकलीत, हे मला माहीत आहे. आईला मी अजून सांगितलेलं नाही.