वेळीच वाजवलेली शिट्टी

६ जानेवारी १९८६, सोमवार
आजपासून मी सेफ्टी ऑफिसर. शनिवारपर्यंत टाइम ऑफिसात होतो, म्हणजे कोण कधी येतो यावर लक्ष. आता आल्यावर काय करतो यावर. वर्क्स मॅनेजर विश्वासराव साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, मार्तंडराव, अपघात झाला की चौकशी करायची, होता होता टळला तरी करायची. टळलेल्याला नियर मिस म्हणतात. मी विचारलं, गेल्या वर्षी किती टळले? म्हणाले, एकही नोंद नाही.
पंपाचा कारखाना, जिकडेतिकडे लोखंड, भट्टी, आणि एकही नाही? कुठंतरी पाणी मुरतंय.
संकल्प: महिन्याभरात लपवाछपवी उघडी पाडणे.

८ जानेवारी
शेडमध्ये प्रत्येकाला गाठून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, सब बढ़िया है भिया. इथंच संशय पक्का झाला. देवासमध्ये चहात साखर किती यावर चार माणसांचं जमत नाही, आणि इथं अख्ख्या शिफ्टचं एकमत!
उद्यापासून गुप्त पाहणी. क्रेप सोलचे बूट घेतले, पाऊल वाजत नाही. रेफरीची शिट्टीही घेतली. धोका दिसला की फुंकायची. बायको म्हणाली, शिट्टी कशाला, तुम्ही नुसते मागे येऊन उभे राहिलात तरी माणूस दचकतो. वासंतीला औद्योगिक सुरक्षेतलं काही कळत नाही.

११ जानेवारी
यश! पहिला नियर मिस!!
शेडच्या रॅम्पवर जगदेवराव कास्टिंगने, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भागांनी भरलेली ट्रॉली चढवत होता. हा जगदेवराव धारचा. घराणं कधीकाळी दरबारातलं, अजून बोलण्यात 'आपण' आणि 'कृपा'. इथं तीन वर्षं टेंपररी आहे, एप्रिलात कायम व्हायचा आहे. आमच्याच गल्लीत राहतो. मी खांबामागे होतो. एकाएकी आतून वाटलं, आता काहीतरी होणार. शिट्टी फुंकली. फुंकतो न फुंकतो तोच ट्रॉली त्याच्या हातून सुटली, मागे घरंगळली आणि भिंतीवर धडकली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. शिट्टी वेळीच वाजली म्हणून! नाहीतर काय झालं असतं या विचाराने अंगावर काटा आला.
जगदेवराव कानांवर हात ठेवून म्हणाला, आपण आहात होय. त्यातला 'होय' मला आवडला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
जगदेवराव आणि त्याची बायको सीताबाई तिळगूळ घेऊन घरी आले. म्हणाला, तिळगूळ घ्यावा, गोड बोलावं. का? मी कडू काय बोललो होतो? इतक्या अदबीनं बोलणारा माणूस काहीतरी लपवतोच. तिळगूळ मात्र चांगला होता. चार खाल्ले.

२० जानेवारी
दुसरा नियर मिस. ग्राइंडरवर कृष्णाजी काम करत होता. मान खाली, कोणाकडे लक्ष नाही. असली एकाग्रता धोक्याची. त्याच्या अगदी मागे जाऊन शिट्टी दिली. त्याच क्षणी घासायचा जॉब हातातून उडाला आणि खिडकीची काच फुटली. पुन्हा मी वेळेवर! कृष्णाजी मला जे बोलला ते इकडच्या मालवी बोलीत होतं, सगळं कळलं नाही. आभारच मानले असावेत.
महत्त्वाचं: जगदेवराव तेव्हा माठाजवळ होता. पाणी पीत होतो म्हणे. ऐन थंडीत?

२७ जानेवारी
तिसरा. पुन्हा रॅम्प, पुन्हा ट्रॉली, पुन्हा जगदेवराव. कास्टिंग कृष्णाजीच्या पायापासून हातभर अंतरावर पडलं. मी आधीच शिट्टी वाजवली होती म्हणूनच पाय राहिला.
जेवणाच्या सुट्टीत शांतपणे विचार केला. तिन्ही वेळा जागेवर हजर असलेली माणसं दोनच, जगदेवराव आणि मी. मला वगळलं की कोण उरतो? शेंबड्या पोरालाही कळेल.
शेडमध्ये मला सीटी साहब म्हणू लागलेत. वचक बसतोय.

२ फेब्रुवारी, रविवार
घरीही धोके कमी नाहीत. वासंती पुऱ्या तळत होती. गॅसचं बटन नीट आहे ना हे पाहायला मागून गेलो. पदर लोंबत होता. शिट्टी दिली. झारा छताला, पुरी देवघरात, तेल भिंतीवर. थोडक्यात वाचली बाई! तर उलट मलाच म्हणते, मेल्या शिट्टीला आग लावा.
चौकशी केली. सीताबाई विरजण मागायला येऊन नुकतीच गेली होती. म्हणजे जाळं घरापर्यंत पोचलंय.

८ फेब्रुवारी
रिपोर्ट दिला. 'सर्व प्रकार हेतुपुरस्सर असून सूत्रधार जगदेवराव.' विश्वासराव साहेब दोनदा म्हणाले, मार्तंडराव, पुन्हा एकदा विचार करा. मी म्हणालो, विचार करूनच लिहिलंय. लेखी आल्यावर त्यांचाही इलाज चालेना. जगदेवराव आजपासून निलंबित. चार मार्चला, सुरक्षा दिनी, इंदूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, त्यांच्यासमोर फैसला. दोषी ठरला तर कायम होणं राहिलं बाजूला, नोकरीच जाणार.
गेटपाशी त्यानं मला नमस्कार केला. म्हणाला, आपला काही गैरसमज झालेला दिसतो. मी दुसरीकडे पाहिलं. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

९ फेब्रुवारी
वासंती बोलत नाही. सीताबाई काल येऊन रडली म्हणे, धारला सासूला काय तोंड दाखवू म्हणाली. संध्याकाळची भाजी अळणी. हेही हेतुपुरस्सर.

१७ फेब्रुवारी
गेला आठवडाभर सर्दी-तापाने घरी होतो. कारखान्यात काही विपरीत घडलं का, म्हणून फोनवर विचारलं. काहीच नाही. ट्रॉली सुटली नाही, काच फुटली नाही. जगदेवराव बाहेर आणि सगळं सुरळीत! याहून मोठा पुरावा कोणता? विश्वासराव साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, आणखी थोडे दिवस विश्रांती घ्या. माझ्या तब्येतीची केवढी काळजी.

३ मार्च
उद्याची तयारी पूर्ण. नुसते कागद दाखवणार नाही, रॅम्पवर प्रकार जसाच्या तसा करून दाखवणार. फोटोग्राफरला सांगितलंय. निळा शर्ट इस्त्री केला, मीच. वासंतीने इस्त्रीला हात लावला नाही. भाषण पाठ आहे. राज्यपातळीवरचं बक्षीस मिळालं तर भोपाळला जावं लागेल, स्वेटर न्यावा का?

४ मार्च, दुपारी चार, कारखान्याचा दवाखाना
पडल्या पडल्या लिहितोय.
जगदेवरावाला बोलावलं. ट्रॉली भरली, रॅम्पवरून चढवली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा चढवली. काही नाही. बेरकी माणूस, साहेब बघताहेत म्हणून सांभाळून ढकलत होता. तेवढ्यात इन्स्पेक्टरने मला विचारलं, शिट्टी ट्रॉली सुटण्याआधी वाजवली की नंतर? मी छाती काढून सांगितलं, तिन्ही वेळा आधी. नंतर काय कोणीही वाजवेल! त्यांनी विचारलं, मग काय दिसलं म्हणून वाजवली? मी म्हणालो, दिसलं काहीच नव्हतं, अनुभवाने कळतं.
इन्स्पेक्टरने विश्वासराव साहेबांकडे पाहिलं. साहेब छताच्या पत्र्याकडे पाहू लागले. कृष्णाजी खोकला. मला काळंबेरं वाटलं. यांचं आपसात संगनमत तर नाही? मी सावध झालो. फोटोत चेहरा यावा म्हणून खांबामागून पुढे, रॅम्पच्या पायथ्याशी आलो आणि तिसऱ्यांदा चढवायला सांगितली.
अर्ध्या रॅम्पवर जगदेवरावाचा एक हात हळूच खिशाकडे गेला. एकट्या मीच पाहिलं. हत्यार? पाचर? जीव खाऊन शिट्टी फुंकली.
रुमाल होता. घाम पुसायला काढत होता.
ट्रॉली आली ती सरळ माझ्या पायावर. इतकी जोरात बोंबललो की भट्टीवरची माणसं धावत आली. सगळ्यात आधी पोचला जगदेवराव. ट्रॉली रिकामी केली, मला उचलून तिच्यात बसवलं. दवाखाना रॅम्पच्या वरच्या अंगाला. म्हणजे त्याच रॅम्पवरून, त्याच ट्रॉलीतून, त्याच माणसाच्या हाती! मी दोन्ही कडा घट्ट धरल्या. ढकलण्याआधी तो वाकून हळूच म्हणाला, साहेब, तेवढी शिट्टी माझ्याजवळ देण्याची कृपा व्हावी.
दिली. ट्रॉली जराही न डगमगता वर गेली.

९ मार्च, रविवार, घरी
दोन बोटं मोडली, पाय प्लॅस्टरमध्ये. ऑर्डरी निघाल्या. जगदेवराव कायम, एप्रिलची वाटही पाहिली नाही. मी परत टाइम ऑफिसात. सेफ्टीचं काम तूर्त कोणाकडेच नाही. विश्वासराव साहेबांच्या मते सध्या तेच सर्वांत सेफ.
संध्याकाळी जगदेवराव आणि सीताबाई पेढे घेऊन आले. तो खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, आपल्याला फार त्रास झाला. मला! महिनाभर बिनपगारी घरी बसला तो, आणि त्रास मला! एखादी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. फार लाज वाटली. पेढा हातात घेतला. जगदेवराव, माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. तोंडून निघालं, पेढे धारचे का? तो म्हणाला, होय, आपल्यासाठी मुद्दाम आणवले.
स्वयंपाकघरात वासंती आणि सीताबाई कुजबुजत होत्या. मग हसण्याचा आवाज. मग शूऽऽ. मग पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं. वासंतीचं हसणं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. जगदेवराव अतिशय गंभीर चेहऱ्यानं कॅलेंडर वाचत होता. मला संशय आला की या बायका मलाच हसताहेत. हाक मारून स्पष्ट विचारलं.
वासंती आतूनच म्हणाली, हो.
दोन महिन्यांत हा एकच संशय खरा निघाला.