शाखेचा सांधा

सोमवार, ४

रुजू झालो. स्टेशन लहान पण नेटकं. एकेरी मुख्य लाइन, आणि पश्चिमेच्या टोकाला तिच्यातून फुटणारी शाखा. शाखा नऊ वर्षांपूर्वीच बंद झाली. रुळांवर बोटभर गंज. हमाल असताना कंदिलाच्या उजेडात नियमपुस्तक पाठ करून मी मास्तर झालो, कुणाचं बोट धरून नाही. क्वार्टर दोन खोल्यांचं. चूल धूर करत नाही, म्हणजे ही खूश होणार. ही आणि आमची लेक चिमणी आठवड्यातून एकदाच, रविवारी येणाऱ्या पॅसेंजरनं पश्चिमेकडून येतील, चार दहाला.

बुधवार, ६

दुपारी तीन पन्नासला इथल्या म्हाताऱ्या सांधेवाल्यानं दांडा ओढून सांधा शाखेकडे लावला. दहा मिनिटांनी पूर्ववत केला. गाडी एकही नाही. हे रोजचंच, आधीचे सगळे मास्तर चालवून घेत होते म्हणे. कारण विचारलं, तर म्हातारा म्हणाला, पूर्वेकडून ती येते. मी हसलो. तोही हसला, म्हणाला, पुस्तकातलं तुम्हाला ठाऊक, लायनीवरचं आम्हाला.

गुरुवार, ७

दांड्याला कुलूप घातलं. कुणी परस्पर उघडू नये म्हणून किल्ली, अहवालासह, टपालानं मुख्य कचेरीत पाठवली. सांधेवाल्यानं कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"तिला तिची वाट द्यायची, मास्तर. नाही दिली तर ती तुमची घेईल."

संध्याकाळी बिऱ्हाड आवरून लेकीकडे निघून गेला. बरंच झालं.

शुक्रवार, ८

तीन पन्नास. लख्ख ऊन. फलाट हादरला. फलाटावरून डब्यांच्या सावल्या सरकत गेल्या — सात. खिडक्यांत डोकी. रुळांवर काहीच नव्हतं. शाखेकडे न वळता मुख्य लाइननं पश्चिमेला गेल्या. शाखेच्या रुळांवरचा गंज पाहिला. आहे तसाच. पण चाकांच्या रेषेत, फक्त सांध्यापाशी, रूळ आरशासारखे. नऊ वर्षं कुणीतरी —

ऊन लागलं असेल.

शनिवार, ९

रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची ट्रॉली पश्चिमेला मैलभर अंतरावर रुळांवर उभी होती. माणसं झाडाखाली भाकरी खात होती म्हणून वाचली. ट्रॉलीचा पत्रा झाला. मुकादम म्हणतो, गाडी दिसली नाही, फक्त सावली अंगावरून गेली. वेळ विचारली.

चार वाजायला पाच.

आणि उद्या —

रविवार, १०

सकाळपासून कुलूप ठोकतोय. मीच निवडलेलं, सगळ्यात दणकट. कचेरीत फोन केला. रविवार, कुणी उचलत नाही.

३.३४. पलीकडच्या स्टेशनला सकाळपासून न लागणारा फोन आत्ता लागला, पॅसेंजर रोखा म्हणालो. तीन मिनिटांपूर्वीच सुटली. अगदी वेळेवर, असं कौतुकानं सांगितलं. मधे स्टेशन नाही.

३.४४. लाल बावटा घेऊन धावलो तरी पॅसेंजर फार लांब. कुलुपाची कडी वाकली.

३.४८. तुटली. दांडा ओढला — अर्ध्यावर अडकला. म्हातारा कसा ओढायचा? पाय कुठे रोवायचा? पाहिलंच नाही मी. हसत होतो.

३.५०. फलाटाच्या पूर्व टोकाला सावली —

देवा, अजून एक वीत. एकच —